इंग्रजी शाळेची तयारी आणि घरातली भाषा



रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या शौहरांना इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली आहे आणि बायको-मुलांना सोबत नेण्याची परवानगीही मिळाली आहे. थोरली मुलगी चौदा वर्षांची, उर्दू माध्यमात शिकलेली. सप्टेंबरमध्ये ती तिकडच्या शाळेत जाईल. इंग्रजीच्या क्लासवाल्या सरांनी त्यांना सल्ला दिला आहे की आजपासून घरात उर्दू आणि कोकणी पूर्ण बंद करा, फक्त इंग्रजी बोला. पत्रात पुढे एक वाक्य आहे : "आम्हा दोघांचे इंग्रजी जेमतेम, म्हणून आता घरात कोणी फारसे बोलतच नाही."

असा सल्ला देणारे क्लासवाले सर एकटे नाहीत. शेजारी देतात, परदेशातले नातेवाईक फोनवर देतात, कधी कधी आमच्याच पेशातले लोक देतात. हेतू नेक असतो, पण सल्ला चुकीचा आहे. या महिन्यात त्याचीच चर्चा करू, कारण जी कुटुंबे बाहेर जात आहेत त्यांच्या मुलांची दोन-तीन वर्षे यावर अवलंबून आहेत.

आधी तिकडचे गणित समजून घ्या. इंग्लंडमध्ये मुलाला वर्ग मिळतो तो वयानुसार. इकडे तो कितवी पास झाला हे सहसा पाहिले जात नाही. ३१ ऑगस्टपर्यंत चौदा वर्षे पूर्ण झालेली मुलगी सप्टेंबरमध्ये 'इयर टेन'मध्ये बसते. इयर टेन आणि इयर इलेव्हन ही जी.सी.एस.ई. परीक्षेची दोन वर्षे. ही परीक्षा म्हणजे साधारण आपली दहावी. तिथे ९ ते १ अशा श्रेणी असतात, ९ सर्वांत वरची. इंग्रजी आणि गणितात निदान ४ मिळाली नाही तर पुढच्या शिक्षणातही ते विषय सोडता येत नाहीत, अभ्यास चालू ठेवावा लागतो. म्हणजे या मुलीच्या हातात आहेत दोन वर्षे, खरे तर त्याहूनही कमी.

आता दुसरी गोष्ट. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक फरक दाखवून दिला. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही तो शिकवला जातो. परक्या देशात आलेले मूल खेळाच्या मैदानावरचे, कँटीनमधले इंग्रजी साधारण दोन वर्षांत बोलू लागते. पण पाठ्यपुस्तकातले, परीक्षेतले, युक्तिवादाचे इंग्रजी वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. पोर फाडफाड बोलू लागले की अम्मी-अब्बा सुटकेचा श्वास टाकतात, आणि मग इतिहासाच्या पेपरात ते नापास का झाले हे कोणालाच कळत नाही. बोलण्याचे इंग्रजी वेगळे, शिकण्याचे इंग्रजी वेगळे.

पाच-सात वर्षे लागतात आणि हातात आहेत दोन. मग ही मुलगी काय करणार? तिने शून्यापासून सुरुवात केली तर हिशोब जुळणारच नाही. पण ती शून्यावर नाहीच. आठ वर्षे ती उर्दूत गणित, विज्ञान, भूगोल शिकली आहे. कमिन्स यांनी हिमनगाचे उदाहरण दिले आहे. पाण्यावर दोन भाषांची दोन टोके वेगळी दिसतात, पाण्याखाली मात्र एकच पाया असतो. विचार करणे, कारण शोधणे, तुलना करणे, सार काढणे हे सगळे त्या पायात असते. ते एका भाषेत कमावले की दुसऱ्या भाषेत फक्त नाव बदलते.

उदाहरण घ्या. उर्दूच्या पुस्तकात ज़ियाई तालीफ आहे, मराठीच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषण आहे, इंग्रजीत फोटोसिंथेसिस. अंधारात ठेवलेल्या कुंडीतल्या पानावर आयोडीन टाकले तर ते निळे-काळे का होत नाही, हे जिला उर्दूत समजले आहे, तिला इंग्रजीत एक शब्द शिकायचा आहे. जिने फोटोसिंथेसिसची इंग्रजी व्याख्या अर्थ न कळता घोकली आहे, तिला तिकडे सगळेच नव्याने शिकावे लागेल. मुसल्लस म्हणा, त्रिकोण म्हणा की ट्रँगल म्हणा, तीन कोनांची बेरीज १८०च राहते.

याला आणखी एक आधार आहे. स्वीडनमध्ये स्थलांतरित झालेल्या फिनलंडच्या मुलांचा १९७० च्या दशकात अभ्यास झाला. आपल्याला वाटेल की जितक्या लहान वयात गेले तितके बरे. दिसले ते वेगळेच. दहा-बारा वर्षांची होऊन, म्हणजे मायबोलीत पक्की होऊन गेलेली मुले स्वीडिश भाषेत चांगली रुळली. अगदी लहानपणी, मायबोली कच्ची असताना गेलेल्यांची दोन्ही भाषांत ओढाताण झाली.

म्हणून या भगिनींना आमचे सांगणे आहे : घरात बोला. भरपूर बोला. कोकणीत बोला, उर्दूत बोला. मोडक्या इंग्रजीत दिवसाला पन्नास वाक्ये बोलण्यापेक्षा रात्री जेवताना आपल्या भाषेत एका विषयावर अर्धा तास बोलणे मुलीच्या इंग्रजीला जास्त उपयोगी पडेल. बाजारात भाव का वाढले, पाऊस लांबला तर काय होईल, अब्बांचे म्हणणे तुला पटते का, नसेल तर का नाही? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. तिकडच्या वर्गात तोच रोज विचारला जाईल. शिक्षक उत्तर ऐकून थांबत नाहीत, "असे तुला का वाटते?" म्हणून पुन्हा विचारतात. मुलीला आपले मत कारणासह मांडायची सवय उर्दूत झाली असेल तर इंग्रजीत तिला फक्त शब्द कमी पडतील, विचार कमी पडणार नाही.

शब्दांची तयारी करायचीच, ती नेमकी करावी. एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा : उर्दू, मराठी, इंग्रजी. मुलीची सातवी-आठवीची विज्ञान आणि गणिताची पुस्तके काढा आणि रोज दहा पारिभाषिक शब्द त्यात उतरवा. बालभारतीची तीच पुस्तके इंग्रजी माध्यमासाठीही असतात, धडे तेच, चित्रे तीच. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की शब्दकोशाची अर्धी गरज संपते.

दुसरे शब्द कोणत्याच एका विषयाचे नसतात आणि म्हणून ते कोणी शिकवत नाही. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा ५७० शब्दकुळांची यादी प्रसिद्ध केली. एव्हिडन्स, फॅक्टर, सिग्निफिकंट, अझ्यूम यांसारखे शब्द त्यात आहेत. अभ्यासाच्या पुस्तकांत साधारण दर दहा शब्दांत एक शब्द या यादीतला सापडतो. यादी इंटरनेटवर मोफत मिळते. बाजारातल्या 'तीस दिवसांत इंग्रजी' छापाच्या पुस्तकापेक्षा ती हजारपट कामाची आहे. शब्द पाठ करताना एव्हिडन्स म्हणजे पुरावा, सबूत, एवढे लिहून सोडू नका. तो वापरून एक वाक्य उर्दूत आणि एक इंग्रजीत लिहायला लावा.

प्रश्नपत्रिकेतली क्रियापदेही तशीच. आपल्याकडे 'कारणे द्या', 'फरक स्पष्ट करा' असते. तिकडे 'डिस्क्राइब' म्हटले की वर्णन, 'एक्स्प्लेन' म्हटले की कारणासह उलगडा, 'इव्हॅल्युएट' म्हटले की दोन्ही बाजू तोलून स्वतःचा निवाडा. इव्हॅल्युएट विचारले असताना मुलाने पानभर सुंदर वर्णन लिहिले तरी गुण अगदी थोडे मिळतात.

आणि उत्तर लिहिण्याची पद्धत. आपला मज़मून म्हणा किंवा निबंध म्हणा, तो प्रस्तावनेने सुरू होतो. विषयाचे महत्त्व, एखादा शेर, थोरांचे वचन, मग हळूहळू मुद्दा. त्याची स्वतःची लज्जत आहे आणि आम्ही वर्गात ते आवडीने शिकवतो. इंग्लंडच्या शाळांत मात्र परिच्छेदाचा साचा तीन शब्दांत सांगतात : पॉइंट, एव्हिडन्स, एक्स्प्लेन. पहिल्याच वाक्यात मुद्दा, दुसऱ्यात पुरावा, पुढे त्या पुराव्याने मुद्दा कसा सिद्ध होतो ते. जाण्याआधी आठवड्याला असे दोन परिच्छेद मुलीकडून लिहून घ्या. पहिले काही उर्दूत लिहिले तरी चालतील.

पाठांतराबद्दल दोन शब्द. आपल्या मुलांची स्मरणशक्ती तयार असते. ज्या मुलाने हिफ्ज़ केले आहे त्याच्या मेहनतीला आणि शिस्तीला तोड नाही, आणि घोकंपट्टी म्हणून तिची खिल्ली उडवणाऱ्यांशी आमचे पटत नाही. अडचण वेगळी आहे. गाइडमधले उत्तर शब्दशः उतरवले की इकडे शाबासकी मिळते. तिकडे दुसऱ्याचे वाक्य नाव न सांगता आपले म्हणून लिहिले तर ती चोरी समजली जाते. विद्यापीठांत तर विद्यार्थ्याचा निबंध आधी संगणकावर तपासला जातो आणि कुठले वाक्य कुठल्या लेखाशी जुळते ते लगेच दिसते. गुण शून्य होतात, प्रकरण चौकशीपर्यंत जाते. मुलाने चोरी म्हणून केलेले नसते, पण तिथे ते ऐकून घेतले जाईलच असे नाही. उपाय घरच्या घरी आहे. मराठी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचायची, पेपर घडी करून ठेवायचा, आणि तीच बातमी स्वतःच्या शब्दांत पाच ओळींत लिहायची. मग पेपर उघडून ताडून पाहायचे. हीच कसरत पुढे इंग्रजीत. आम्ही सातवीच्या वर्गात हे करून घेतो. पहिल्या आठवड्यात सगळी मुले मूळ वाक्येच आठवून लिहितात, महिन्याभरात हात मोकळा होतो.

अदबीचा एक बारीक मुद्दा आहे, तो कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. आपल्या भाषांत आदर क्रियापदातच असतो. 'पाणी द्या' म्हटले की झाले, 'द्या'मध्येच आदर आला. उर्दूत 'दीजिए'. इंग्रजीत तू-तुम्ही-आपण हा भेद उरलेला नाही, सगळ्यांना एकच 'यू'. मग तिथला आदर 'प्लीज', 'कुड आय', 'थँक यू', 'सॉरी' या शब्दांत जाऊन बसतो. आपले मूल मनात पूर्ण आदर ठेवून "गिव्ह मी पेन" म्हणते आणि शिक्षकांना ते उद्धट वाटते. घरी बहीण-भावाशी आपण 'प्लीज' आणि 'थँक यू' म्हणत नाही, म्हणून ते शब्द जिभेवर बसलेले नसतात. ते बसवून घ्या. उलट, शिक्षकांनी "हे जरा पुन्हा पाहिलेस तर बरे" असे गोड आवाजात म्हटले, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो की उत्तर चुकले आहे. आपली मुले ते सूचना म्हणून ऐकतात आणि तसेच सोडून देतात.

तसेच नजरेचे. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही आपल्याकडे तमीज. तिकडे शिक्षक समजतात की मूल ऐकत नाही किंवा काही लपवते आहे. मुलीला एवढेच सांगा की बोलणाऱ्याकडे पाहणे हा तिथला अदबीचा रिवाज आहे. आणि समजले नाही तर हात वर करायचा. "आय डोंट अंडरस्टँड" म्हणून गप्प बसण्यापेक्षा नेमके काय समजले नाही ते सांगणारी दोन-तीन वाक्ये पक्की करून द्या.

पहिले काही आठवडे, कधी कधी काही महिने, मूल वर्गात अगदी गप्प राहील. घाबरू नका. नवी भाषा कानात मुरत असते तेव्हाचा हा काळ. इंग्लंडच्या शाळांत पाचात साधारण एक मूल असे असते ज्याच्या घरी दुसरी भाषा बोलली जाते, त्यामुळे शाळांना हे नवे नाही. इंग्रजी ज्यांची जादा भाषा आहे अशा मुलांसाठी बऱ्याच शाळांत वेगळी मदत असते. मदतीच्या तासाला बसवले म्हणून मुलीला मंदबुद्धी ठरवले असे समजून भांडायला जाऊ नका. घरची भाषा वेगळी आहे एवढ्यावरून मुलाला शिकण्याची अडचण आहे असे मानता येणार नाही, हे तिकडच्या २०१४ च्या बालक आणि कुटुंब कायद्यातच लिहिले आहे.

उर्दू बंद करायला निघालेल्या या घरासाठी आणखी एक बातमी : जी.सी.एस.ई.मध्ये उर्दू हा विषय आहे. प्रत्येक शाळेत शिकवत नाहीत, पण परीक्षेला बसण्याची सोय करता का, हे शाळेला विचारता येते. आठ वर्षे उर्दूत शिकलेल्या मुलीला त्यात उत्तम श्रेणी मिळवता येईल. क्लासवाल्या सरांनी जे ओझे म्हणून टाकायला सांगितले तेच तिच्या निकालपत्रात जमेच्या बाजूला येईल.

आता एकट्याने जाणाऱ्या मुलांकडे वळू. अठरा वर्षांखालील मूल विद्यार्थी व्हिसावर एकटे गेले तर त्याला तिथल्या मोफत सरकारी शाळेत प्रवेश नसतो, खासगी शाळाच घ्यावी लागते. एजंट हे स्पष्ट सांगतोच असे नाही. आणि एम.ए., एम.एस्सी.साठी जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना जानेवारी २०२४ पासून पती-पत्नी किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी ब्रिटिश सरकारचे संकेतस्थळ स्वतः वाचा.

या मुलांची सारी धडपड आयेल्ट्सभोवती फिरते. चार भाग, शून्य ते नऊ बँड, निकाल दोन वर्षे ग्राह्य. लेखनाला एक तास असतो, त्यात निदान १५० शब्दांचा एक आणि २५० शब्दांचा दुसरा मजकूर लिहायचा. बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. क्लासेस त्यासाठी तयार निबंध पाठ करून घेतात. परीक्षकांना पाठ केलेले उत्तर ओळखायला शिकवलेले असते आणि त्याचे गुण जातात, हा एक तोटा. मोठा तोटा पुढे आहे. चौदा मिनिटांची बोलण्याची परीक्षा पास झालेला मुलगा तासाभराच्या चर्चावर्गात बसतो, आठवड्याला शेकडो पाने वाचायची असतात, आणि त्याला कळते की साडेसहा बँड म्हणजे फक्त दरवाजा उघडला. अनेक विद्यापीठांत अभ्यासक्रमाआधी काही आठवड्यांचा प्री-सेशनल इंग्रजी वर्ग असतो. पैसे वाचवायचे म्हणून बरेच जण तो टाळतात. ऐपत असेल तर टाळू नये असे आम्हाला वाटते.

कानाचीही तयारी हवी. आपण बातम्यांतले स्वच्छ इंग्रजी ऐकतो. बर्मिंगहॅमचे, ग्लासगोचे, लिव्हरपूलचे इंग्रजी ऐकून पहिल्या दिवशी वाटते की ही तिसरीच कुठली भाषा आहे. ज्या शहरात जायचे तिथल्या स्थानिक रेडिओचे कार्यक्रम मोबाइलवर ऐकता येतात. रोज पंधरा मिनिटे पुरतात. स्वतःचा उच्चार बदलायच्या मागे मात्र लागू नका. मराठीत एकच 'व' आहे, इंग्रजीत त्याचे दोन उच्चार आहेत, 'स्कूल'चे 'इस्कूल' होऊ द्यायचे नाही, एवढे सांभाळले की बस्स. कोकणी वळणाच्या इंग्रजीला तिथे कोणी हसत नाही. हसले तरी दोन दिवस.

शेवटी अम्मीबद्दल, कारण पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी स्वतःविषयी एक अक्षर विचारलेले नाही. परदेशात गेल्यावर मुले आईच्या पुढे निघून जातात. मग डॉक्टरकडे, कौन्सिलच्या कचेरीत, बँकेत चौदा वर्षांची मुलगी दुभाषी बनते. तिने शाळा बुडवायची, आणि आईच्या दुखण्यातल्या ज्या गोष्टी मुलीने ऐकू नयेत त्या तिच्याच तोंडून सांगायच्या, हे दोघींना जड जाते. सरकारी दवाखान्यात दुभाषी मोफत मागता येतो. वेळ ठरवतानाच तसे सांगायचे. मोठ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग तिथल्या कॉलेजांत आणि वस्तीतल्या केंद्रांत चालतात. फी भरावी लागेल की नाही हे व्हिसा आणि उत्पन्नावर ठरते. पहिल्या महिन्यातच चौकशी करा, घर लागल्यावर बघू म्हणाल तर वर्ष जाते.

आणि शाळेत पॅरेंट्स इव्हिनिंगला स्वतः जा. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाकडे पाच-दहा मिनिटेच मिळतात. आदल्या रात्री मुलीला शेजारी बसवून तीन प्रश्न कागदावर इंग्रजीत लिहून घ्या : तिला काय चांगले येते, कुठे कमी पडते, घरी आम्ही काय करावे. वाचून विचारले तरी चालते. उत्तर भराभर आले तर "प्लीज, स्लोली" म्हणा.